निदानाच्या आधीचा निर्णय

पाथर्डीहून नगर 50-55 किलोमीटर. वाटेत तिसगाव, करंजी आणि मग घाट. रस्ता मोकळा असला तर सव्वा तासात माणूस नगरच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात पोहोचतो. घाटात एखादी उसाची गाडी आडवी झाली की दोन तास धरून चाला. माणिकदौंडीच्या डोंगरपट्ट्यातून किंवा खरवंडीकडून निघालेल्याला तर आधी पाथर्डी गाठायची असते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, अंतर होतं तेवढंच आहे. छातीत दुखणं, लकवा, सर्पदंश, अंगावर काढलेला ताप, यातला कुठलाही निर्णय इथे या रस्त्याचा हिशोब करूनच घ्यावा लागतो.

घरातल्या माणसाला अचानक काही झालं की आपला पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, झालंय काय?" प्रश्न रास्त आहे. पण पहिल्या अर्ध्या तासात त्याचं खात्रीचं उत्तर बहुतेक वेळा कुणाकडेच नसतं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबून चालत नाही. डॉक्टर त्या वेळी मनात दुसरेच प्रश्न सोडवत असतो. यात जिवावर बेतणारं काय असू शकेल? ते आहे की नाही हे इथल्या साधनांनी कळेल का? कळेपर्यंत काय द्यायचं आणि काय मुद्दाम द्यायचं नाही? पेशंट इथे ठेवायचा की पुढे पाठवायचा? हे प्रश्न तुम्हालाही ठाऊक असावेत, कारण दवाखान्यात पोहोचण्याआधीचा निम्मा निर्णय घरच्यांनीच घेतलेला असतो, बहुधा नकळत.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. वय पंचावन्न, तंबाखूची सवय, आठ वर्षांपासून शुगर. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालेलं. पहाटे चारला आण्णा उठून बसलेत, बनियन घामाने भिजलंय, छातीच्या मधोमध कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतंय. घरात सोडा आहे, ओवा आहे, हिरव्या रंगाचं औषध आहे. "गॅस धरलाय, जरा आडवे व्हा," असं कुणीतरी म्हणतं. खरं सांगायचं तर छातीत जळजळणाऱ्या बऱ्याच लोकांना पित्तच झालेलं असतं. म्हणजे घरच्यांचा अंदाज वेडा नाही. पण डॉक्टर शक्यता किती एवढंच मोजत नाही, अंदाज चुकला तर किंमत काय हेही मोजतो. पित्ताला हृदयविकार समजलं तर एक ईसीजी आणि एक झोप वाया गेली. हृदयविकाराला पित्त समजलं तर आण्णा गेले. म्हणून पित्ताचं औषध द्यायच्या आधी ईसीजी काढायचा, आणि तोही दवाखान्यात पाय ठेवल्यापासून 10 मिनिटांत. तुम्ही केस पेपरच्या रांगेत उभे असाल तर मोठ्याने सांगा की छातीत दुखतंय आणि घाम आलाय. रांग मोडल्याबद्दल कुणी रागावलं तर रागावू द्या.

यात दोन-तीन गोष्टी लोकांना माहीत नसतात. पहिला ईसीजी साफ आला म्हणजे सुटलो असं नसतं. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढावा लागतो. ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी दुखायला लागल्यावर काही तासांनी वर जाते, त्यामुळे पहिल्या तासाभरातली 'निगेटिव्ह' चिठ्ठी घेऊन घरी जाणं धोक्याचं. सोडा घेतल्यावर बरं वाटलं यानेही काही सिद्ध होत नाही. आणि शुगर असलेला माणूस, बाई किंवा सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर छातीत दुखेलच असंही नाही. नुसता दम लागणं, गळून जाणं, मळमळ, जबडा किंवा पोटाचा वरचा भाग दुखणं, एवढंच दिसतं. कांदा खुरपता खुरपता आईला घाम फुटून दम लागला आणि ती बांधावर बसली, तर 'ऊन लागलं' म्हणायच्या आधी ईसीजी.

मग समजा ईसीजीत मोठा झटका दिसला. आता खरी घालमेल सुरू होते. नगरला अँजिओप्लास्टीची सोय आहे आणि ती उत्तमच. पण नियम असा आहे की झटका ओळखल्यापासून साधारण 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर थेट तिकडे न्या. तेवढ्यात होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथे आहात तिथेच द्या आणि मग न्या. आता हिशोब करा. पाचला ईसीजी झाला. गाडी यायला वीस मिनिटं, रस्ता सव्वा ते दीड तास, तिथे दाखल होऊन कॅथ लॅब तयार व्हायला आणखी अर्धा-पाऊण तास. 120 मिनिटं नगरला पोहोचेपर्यंतच संपत आलेली असतात. म्हणून पाथर्डीत औषध उपलब्ध असेल आणि डॉक्टर म्हणत असतील की इंजेक्शन इथेच देऊ, तर "इथे काही करू नका, आम्ही नगरलाच नेतो" हे वाक्य तोंडातून काढू नका. पहिल्या तीन तासांत दिलेलं हे इंजेक्शन फार मोलाचं असतं; 12 तासांपर्यंत उपयोग होतो, पण तासागणिक घटत जातो. त्यात धोका आहे, शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी जणांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर विचारतात: पूर्वी लकवा झाला होता का, अलीकडे ऑपरेशन किंवा डोक्याला मार, काळी शौच, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? याची खरी उत्तरं द्या आणि सही करा. "चुलते येऊ द्या, मग ठरवू" यात जो अर्धा तास जातो तो हृदयाच्या स्नायूतून वजा होतो. इंजेक्शननंतरही नगर टळत नाही. दुखणं थांबलं तरी पुढच्या तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी, नाही थांबलं तर त्याहून लवकर.

घरी असताना काय द्यावं? ॲस्पिरिनची 300-325 मिलिग्रॅमची गोळी, चावून, फोनवर डॉक्टरला विचारून; पोटात रक्तस्राव किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्याला नको. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची पद्धत मात्र बीपी मोजल्याशिवाय पाळू नका. हृदयाच्या खालच्या बाजूच्या झटक्यात बीपी आधीच पडलेलं असू शकतं आणि ही गोळी ते आणखी पाडते. पेशंटला जिना चढायला, गाडीपर्यंत चालायला लावू नका. 108ची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे, फोन लगेच करा. ती लांब असेल तर जी चारचाकी आधी मिळेल ती घ्या. आणि रेशन कार्ड, आधार कार्ड पिशवीत टाका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला शोधायचं काम एका नातेवाइकाला नेमून द्या, बाकीच्यांनी त्यात पडू नये.

लकव्याचं गणित याच्या उलट आहे. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर वाटेत थांबण्यात फारसा अर्थ नसतो. कारण लकवा गुठळीने झालाय की रक्तस्रावाने हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही, आणि एकाचं औषध दुसऱ्याला मारक. म्हणून इथे ॲस्पिरिन द्यायची नाही, बीपी घाईने उतरवायचं नाही, तोंडाने पाणीही द्यायचं नाही. गुठळी विरघळवायची मुदत साडेचार तासांची, आणि ती मोजायची माणूस शेवटचा धडधाकट कुणी पाहिला तेव्हापासून. सकाळी सहाला उठवायला गेलात तेव्हा हात लुळा होता, तर वेळ सहाची नाही, रात्री बोलून झोपला तेव्हाची. ती वेळ कागदावर लिहून घ्या. घाईत चार जण चार वेळा सांगतात. लकव्यावरच्या पाल्याला किंवा 'झटका उतरवणाऱ्या' माणसाकडे जायचं असेल तर सीटी झाल्यावर जा, मी भांडत बसणार नाही.

लकव्यासारखाच दिसणारा एक सोंगाड्या आहे: रक्तातली साखर पडणं. माणूस बरळतो, एक बाजू ढिली पडते, घाम येतो. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर बघायला मिनिटभर पुरतं, आणि शुगरच्या कुठल्याही पेशंटमध्ये ते मिनिट आधी खर्च करायचं. साखर 70च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. पुढची गोष्ट दवाखान्यातही निसटते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी पडलेली साखर ग्लुकोज दिल्यावर वर येते, माणूस उठून बसतो, चहा मागतो, आणि घरचे त्याला घेऊन जातात. गोळीचा अंमल मात्र संपलेला नसतो, विशेषतः किडनी थोडी बिघडलेली असेल तर. रात्री दोनला साखर पुन्हा पडते तेव्हा सगळे झोपलेले असतात. अशा पेशंटला एक दिवस ठेवून घेतो म्हणणारा डॉक्टर बिल वाढवत नाहीये.

साखर पडण्याचा मोसम आमच्याकडे ठरलेला आहे, नवरात्राचा. मोहट्याच्या गडावर देवीला जाणारे, नऊ दिवस कडक उपास धरणारे, अनवाणी चालणारे हजारो लोक या भागात आहेत आणि त्यात शुगरवाले थोडे नाहीत. "उपास करू नका" असं सांगून डॉक्टर मोकळा होतो, पेशंट मान हलवतो आणि उपास करतो. त्यापेक्षा घटस्थापनेच्या आठ दिवस आधी दाखवायला या आणि सरळ सांगा की मी उपास करणार आहे. मग बोलणं कामाचं होतं. ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद करायची, मेटफॉर्मिन बहुधा चालते, इन्सुलिनचा डोस घटवायचा पण स्वतःहून पूर्ण तोडायचा नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा त्याच घराण्यातली गोळी चालू असेल तर ती उपासाच्या आधी थांबवायला सांगतात. ही गोळी हल्ली स्वस्त झाल्यामुळे बऱ्याच चिठ्ठ्यांवर असते. पोट रिकामं ठेवून ती घेतली तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर फारशी न वाढता. माणसाला उलट्या होतात, दम लागतो, ग्लुकोमीटर 190 दाखवतो आणि सगळे निर्धास्त राहतात. उपासात उलट्या आणि दम दिसला की ही गोळी चालू आहे हे डॉक्टरला आपणहून सांगा. अनवाणी चालणाऱ्यांनी रोज रात्री तळपाय दुसऱ्याला दाखवावेत. बधिर पायाला काटा कळत नाही, आणि महिनाभराने आलेली जखम नवरात्रातली होती हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

चावण्या-डंखण्याच्या प्रकरणांत निर्णय म्हणजे काय हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. त्या नादात दुसऱ्याला चावतो. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला अवयव फळीला किंवा काठीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, अंगठ्या-जोडवी काढायची आणि निघायचं. दवाखान्यात पोहोचल्यावर घोणस-फुरशाच्या शंकेत डॉक्टर दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतात आणि ती टेबलावर ठेवून देतात. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. मग तिरकी करून बघतात. रक्त गोठलेलं असेल तर घसरत नाही. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची नको, साबणाने धुतलेलीही नको, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. बाहेर नातेवाईक ओरडत असतात, "इथे नुसतं बघत बसलेत, इंजेक्शन देईनात." त्या वेळी टेबलावरची ती नळीच सगळ्यात महत्त्वाचं काम करत असते. पहिल्यांदा गोठलं तरी तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि माणूस ठणठणीत दिसला तरी 24 तास थांबवतात. प्रतिविष सरसकट देत नाहीत कारण त्याचीच जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. द्यायचं ठरलं की सुरुवात बहुधा 10 बाटल्यांनी होते, आणि लहान मुलालाही तेवढ्याच. विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी टोचलेलं नसतं.

मण्यारीचं प्रकरण आणखी कपटी. ओसरीत खाली अंथरूण टाकून झोपलेला पोरगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. उलट्या होतात, घसा धरतो. अंगावर खूण नाही, सूज नाही. पित्त म्हणून इंजेक्शन दिलं जातं. तासाभराने पापण्या जड होतात, 'झोप येतेय' असं वाटतं, आणि नंतर श्वास. इथे निदान एका प्रश्नावर अवलंबून असतं: रात्री कुठे झोपला होता? पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन कुणाला आणलंत तर डॉक्टरने विचारायची वाट न बघता सांगा की हा जमिनीवर झोपला होता. मण्यार असेल तर वाटेत श्वास थांबू शकतो, म्हणून पुढे पाठवताना श्वासाची नळी घालू शकणारा माणूस गाडीत असला पाहिजे. तो नसेल तर रिकाम्या गाडीत टाकून पळवण्यापेक्षा तो येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

विंचवाबाबत महाराष्ट्राने जगाला शिकवलंय. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1970च्या दशकात महाड भागात सरकारी डॉक्टर होते. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी भरून जात. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या: आधी घाम आणि उलट्या, मग गार हातपाय, चढलेलं बीपी, मग हृदय थकतं आणि तोंडाला फेस येतो. 1982 साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. विषाचा मार्ग कळल्यावर त्यांनी तो मार्गच अडवणारी, बीपीसाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली. गंभीर दंशात 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू जवळपास 1 टक्क्यावर आले. पुढे 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी दाखवलं की प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर पेशंट आणखी लवकर सावरतो. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वाचकाने यातून उचलायचं ते असं: नुसत्या कळा असतील, हातपाय गरम असतील, तर बहुधा वेदनेवरचा उपचार आणि काही तासांची देखरेख पुरते. घाम, उलट्या आणि गार हातपाय दिसले, विशेषतः लहान मुलाला, तर एक मिनिट घालवू नका. गोळी दिल्यावर पेशंटला उठवून बसवू नका, उभं केल्यावर बीपी पडतं.

तापाकडे वळू. पहिल्याच दिवशी निदान सांगून टाकणारा डॉक्टर हुशार वाटतो आणि "दोन दिवस बघू" म्हणणारा अडाणी. खरं तर पहिल्या दोन-तीन दिवसांच्या साध्या तापात, बाकी काही धोक्याचं नसेल तर, बघणं हाच निर्णय असतो. फक्त त्यासोबत परत कधी यायचं ते नेमकं सांगितलेलं हवं. त्याऐवजी घडतं काय? दुसऱ्या दिवशी विडाल तपासणी होते, ती 'पॉझिटिव्ह' येते आणि 'टायफॉइड झालाय' म्हणून सलाईन सुरू. एकदाच केलेली विडाल फारसं काही सांगत नाही, जुन्या तापाच्या किंवा लसीच्या खुणाही तिला चढवतात. खरा पुरावा हवा असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर. सलाईनचं म्हणाल तर पाचशे मिलिलिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजवाल्या बाटलीत वर 25 ग्रॅम साखर. एका भाकरीइतकीही ताकद त्यात नाही. ताकदीसाठी सलाईन ही समजूत लोकांनी काढलेली नाही, आम्हा डॉक्टरांच्याच धंद्याने पिकवली. उलट्या थांबत नसतील, पाणी पोटात ठरत नसेल, बीपी खाली असेल, तर सलाईन जीव वाचवते. पायावर चालत आलेल्या आणि चहा पिऊ शकणाऱ्या माणसाला तिची गरज नसते. एका इंजेक्शनात ताप उतरवून देणाऱ्याकडे तर दुसऱ्यांदा जाऊ नका. त्या सिरिंजमध्ये बहुधा स्टेरॉइड आणि वेदनाशामक असतं, आणि डेंग्यूत वेदनाशामकाने रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल पुरेशी आहे.

डेंग्यूत सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असतं. आकडा 40 हजार झाला की घरात रडारड, रक्तपेढीकडे धावाधाव. रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजारांपर्यंत प्लेटलेट चढवायची वेळ येत नाही. घात होतो तो वेगळ्याच गोष्टीने: रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, बीपी पडतं. आणि हे बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी, ताप उतरल्यावर घडतं, जेव्हा घरचे सुटकेचा श्वास टाकतात. ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस सुस्त किंवा बेचैन झालाय, सहा-सात तासांत लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

कुठल्याही तापात घरी करता येईल अशी एक तपासणी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. पेशंटला न सांगता पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे 22 किंवा त्याहून जास्त असतील, किंवा बोलण्यात भ्रम वाटत असेल, किंवा वरचं बीपी 100 किंवा त्याहून खाली असेल, तर तापाचं नाव काहीही असो, घरी ठेवायचं नाही. हे मोजायला पदवी लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं तेव्हा गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 1979 साली आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काय पाहायचं, घरी काय करायचं आणि कुणाला पुढे पाठवायचं हे त्या बायका शिकल्या होत्या. तुमच्या गावात आशाताई आहेत, त्यांना हाक मारा.

घाई न करण्याचेही निर्णय असतात. डोकं दुखत नाही, छातीत काही नाही, डोळ्यापुढे अंधारी नाही आणि यंत्रावर बीपी 180 आलं, तर ते जिभेखालच्या गोळीने तासाभरात खाली आणणं अपायकारक; गोळ्या सुरू करून काही दिवसांत आणायचं. ऑपरेशनबाबत तर हा प्रश्न नक्की विचारा: तीन महिने थांबलं तर काय होईल? शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या इतक्या सर्रास काढल्या जात होत्या की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं यांवर औषधं आहेत. हंगामात खाडा पडू नये म्हणून शरीरातला अवयव काढायचा, हा वैद्यकीय निर्णय नव्हे.

आपल्या तालुक्यातूनही दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. बीपी, शुगर, टीबीच्या पेशंटसाठी ही पाच-सहा महिन्यांची खिंड सगळ्यात अवघड असते, आणि पाथर्डीच्या डॉक्टरला तुम्ही जाणार आहात हे सांगितलंच नाही तर तो पाथर्डीत राहणाऱ्या माणसाचीच चिठ्ठी लिहून देतो. मुकादमाकडून हंगामाची उचल घेतली की त्याच आठवड्यात दाखवून या. दिवसातून एकदाच घ्यायच्या, फ्रिज न लागणाऱ्या गोळ्या मागा. गोळीचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे कोल्हापूरला किंवा कर्नाटकात दुसऱ्या कंपनीची मिळाली तरी घोटाळा होत नाही. साखर पाडणारी गोळी चालू असेल तर नीट विचारा, कारण पहाटे चारपासून उपाशीपोटी फडात कोयता चालवणाऱ्या माणसाला घरचा डोस जास्त होतो. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाऊ नका. उन्हात आटलेल्या शरीरात त्या किडनी बिघडवतात. टीबीचा उपचार चालू असेल तर निक्षय क्रमांक सोबत न्या, त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात औषध पुढे चालू राहतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर निघण्याआधी थुंकी तपासा, कारण कोपीत सहा जण शेजारी-शेजारी झोपतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मातीचं मोठं मडकं घ्यावं, त्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं आणि त्यात बाटली, वर ओलं फडकं, कोपीच्या सावलीच्या बाजूला. वापरात काढलेली बाटली अशी साधारण महिनाभर चालते. न उघडलेल्या बाटल्या जवळच्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. आजार सांगितला तर मुकादम पुढच्या वर्षी घेणार नाही ही भीती खोटी नाही, त्याला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तुमच्या कोयत्यातल्या जोडीदाराला आणि शेजारच्या कोपीतल्या एकाला तरी सांगून ठेवा की मी घामाघूम होऊन बरळायला लागलो तर आधी साखर चारा, मग गाडी बघा.